कच्च्या चिकनवरचा राग, माणसावरचा राग

ब्रिटिश शेफ गॉर्डन रॅमसे टीव्हीवर ज्या पदार्थांवरून सतत ओरडत आलाय त्यात स्कॅलॉपचा नंबर फार वरचा. स्कॅलॉप म्हणजे शिंपल्यातला पांढरा, गोल, मऊ गर. आपल्या तिसऱ्यांचा परदेशातला थोराड चुलतभाऊ समजा. 'हेल्स किचन' या त्याच्या स्वयंपाकाच्या स्पर्धेत कुणीतरी तो रबरासारखा तरी करतं किंवा कच्चा तरी पाठवतं, मग ताटली कचऱ्यात जाते, आवाज चढतो आणि मधेमधे बीप वाजतो. नाशिकला कॉलेज रोडवर एकाच मोबाइलवर हा तुकडा बघणाऱ्या दोन मित्रांमध्ये लगेच फाटाफूट होते. एक म्हणतो, "सडेतोड माणूस आहे, चूक झाली तर बोलणारच." दुसरा म्हणतो, "हा कसला शेफ, हा तर जमदग्नी."

मराठीत अशा माणसासाठी शब्दांची कमी नाही. सडेतोड म्हटलं की थोडं कौतुक, फटकळ म्हटलं की थोडी माफी, उर्मट म्हटलं की निकाल लागला. रॅमसेला एकाच दिवशी तिन्ही शब्द लावले जातात. लोकांचं मत इतकं डळमळीत का राहतं हे समजून घ्यायचं तर आधी तो कशावर चिडतो ते बघायला हवं. कारण त्याच्या रागातला काही भाग कामाचा आहे, काही वारशाने आलेला आहे आणि बराचसा एडिटिंगच्या टेबलावर तयार झालेला आहे.

स्कॅलॉप, रिसोटो आणि पुरण

स्कॅलॉपमध्ये पाणी भरपूर असतं आणि शिजायला वेळ फार थोडा लागतो. कागदी रुमालाने टिपून तो कोरडा करायचा. मीठ पॅनमध्ये टाकण्याच्या क्षणी लावायचं, आधी लावलं तर पाणी सुटतं. पॅन इतका तापवायचा की तेलातून धुराची पहिली रेघ दिसावी. मग घड्याळात बारा असतात त्या जागेपासून सुरुवात करून काट्याच्या दिशेने एकेक ठेवत जायचं, म्हणजे पहिला कोणता हे लक्षात राहतं आणि त्याच क्रमाने उलटता येतं. पहिली बाजू दीड-दोन मिनिटं, दुसरी त्याहून थोडी कमी, शेवटी लोणी.

बिघडतं कुठे? घाईत सहाच्या जागी बारा कोंबले जातात. पॅन थंड पडतो, गराला पाणी सुटतं आणि ते उकळायला लागतं. जोवर तळाशी पाणी आहे तोवर तिथलं तापमान शंभर अंशांच्या फारसं वर जात नाही आणि खमंग तपकिरी कवच धरायला साधारण १४० अंशांच्या वर जावं लागतं. मग बाहेरून राखाडी आणि आतून चिवट असा प्रकार हातात येतो. घरी सुरमईच्या तुकड्या एकाच तव्यात दाटीने लावल्या की रवा सुटून तव्याला चिकटतो, ते याच कारणाने.

रिसोटोचं, म्हणजे सैलसर इटालियन भाताचंही तसंच. कच्च्यापासून केला तर १६ ते १८ मिनिटं लागतात आणि गिऱ्हाईक तेवढं थांबत नाही. म्हणून हॉटेलात तो आधी अकरा-बारा मिनिटं शिजवून, ट्रेमध्ये पातळ पसरून, पटकन गार करून ठेवतात. ऑर्डर आली की गरम स्टॉक घालून शेवटची चार-पाच मिनिटं पुरी करायची, आच बंद करून लोणी आणि चीज घालायचं. ताटलीत ओतल्यावर तो हळूहळू पसरला पाहिजे. गुरगुट्या भात खाल्लेल्या माणसाला हा सैलपणा लगेच कळतो. मात्र गुरगुट्यात शीत मोडलेलं चालतं, रिसोटोत शिताच्या पोटात किंचित कणी राहायला हवी. ती राहिली नाही की रॅमसे ताटली परत ढकलतो.

तिसरा नेहमीचा बळी म्हणजे वेलिंग्टन: मांसाच्या लांबट तुकड्याला मशरूमच्या बारीक वाटणाचा लेप देऊन, मैद्याच्या पापुद्र्यात गुंडाळून भाजलेला. मशरूमचं पाणी पुरतं आटवलं नाही तर तळाचा पापुद्रा गिच्च होतो. पुरणपोळी करणाऱ्या कुठल्याही काकूंना हे समजावून सांगायची गरज नाही. पुरणात उलथनं उभं राहिलं नाही तर पोळी फुटणार, हे त्यांना लाटायच्या आधीच माहीत असतं.

या तिन्ही पदार्थांत एक साम्य आहे. चूक झाली की दुरुस्ती नाही, नव्यानेच करावं लागतं. चार जणांच्या टेबलावर एकाचा स्कॅलॉप फसला की उरलेल्या तिघांचे पदार्थ गरम ठेवणाऱ्या दिव्याखाली थांबून सुकतात आणि मागच्या दोन टेबलांची वेळही सरकते. रॅमसेचा आवाज चढतो तो या क्षणाला. राग आवडो न आवडो, त्यामागे खरी अडचण असते, एवढं त्याच्या टीकाकारांनाही मान्य करावं लागतं.

आवाज हवाच, पण कशासाठी

भटारखान्यात मोठ्याने बोलणं ही मुळात सोय आहे. एक्झॉस्टचा पंखा, बर्नरची भरभर, भांडी धुण्याचा खडखडाट, यात हळू बोललेलं दोन फुटांवर पोचत नाही. फ्रेंच पद्धतीच्या किचनमध्ये ऑर्डर पुकारणारा एक माणूस असतो आणि प्रत्येक पुकाऱ्याला उत्तर द्यायचं असतं. 'येस शेफ' ही आदराची सलामी वाटते, पण तिचं काम पोच देण्याचं आहे. उत्तर आलं नाही म्हणजे ऐकू गेलं नाही आणि ऐकू गेलं नाही म्हणजे पदार्थ चुलीवर चढलेला नाही.

पुकारणारा माणूस वेळ उलटी मोजतो. नाशिकच्या एखाद्या फॅमिली रेस्टॉरंटमधलं टेबल घ्या: काजू करी, चिकन हंडी, जीरा राइस, सहा रोट्या. हंडीला बारा मिनिटं, काजू करीला सात, तंदुरी रोटीला जेमतेम दोन. तिघांनी के.ओ.टी., म्हणजे आत आलेली ऑर्डरची चिठ्ठी, बघून एकदमच सुरुवात केली तर रोटी दहा मिनिटं आधी तयार होते आणि टेबलावर जाईपर्यंत चामडं होते. म्हणून आधी हंडी, पाच मिनिटांनी करी, आणि भांडी सजायला लागली की तंदूरवाल्याला हाक. ही हाक मोठी असावी लागते, तिच्यात शिवी असण्याचं काही कारण नसतं.

रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला कुठल्याही चालत्या मिसळीच्या ठिकाणी उभं राहा, हेच दिसेल. "पाचला चार मिसळ, एक कमी तिखट, दोन पाव जादा!" आतून "चार, एक कमी!" असं परत येतं. मटकी, त्यावर फरसाण, बाजूला कांदा-लिंबू, रश्शाची वाटी वेगळी. फरसाण वेळेआधी टाकलं तर मऊ पडतं, म्हणून ते ताट उचलताना. रस्सा संपत आला आणि कुणी घाईत गार पाणी ओतलं तर तर्रीचा रंग उतरतो आणि सगळं पातेलं परत उकळी येईपर्यंत काउंटर खोळंबतो. घालायचं तर उकळतं पाणी. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी उतरली की मटकीला मोड यायला नेहमीपेक्षा निम्म्याने जास्त वेळ लागतो. शुक्रवारी रात्री भिजत घालायची विसरली तर रविवारी कितीही ओरडून मोड येत नाहीत. गर्दीतल्या बऱ्याच आरडाओरड्याचं मूळ असं आदल्या दिवशीच्या तयारीत सापडतं.

वारसा

विभागवार किचनची ही शिस्त बसवली ऑग्युस्त एस्कॉफिये याने, १८९० च्या दशकात लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात. सॉसवाला वेगळा, माशांचा वेगळा, भाजणारा वेगळा, वर एक प्रमुख. फ्रान्स-प्रशिया युद्धात त्याने सैन्यासाठी स्वयंपाक केला होता, त्याची छाप या रचनेवर स्पष्ट दिसते. पुकारणाऱ्याला फ्रेंच किचनमध्ये 'आब्वायर' म्हणत, म्हणजे अक्षरशः भुंकणारा. गंमत अशी की एस्कॉफियेला स्वतःला आरडाओरडा खपत नसे. शिस्त पुढच्या पिढ्यांनी उचलली, शांतपणा मात्र त्यांना जमला नाही.

१९६६ मध्ये स्कॉटलंडमध्ये जन्मलेला रॅमसे याच साखळीत घडला. लंडनमध्ये मार्को पिएर व्हाइट आणि आल्बेर रू, पॅरिसमध्ये गी सावॉय आणि जोएल रोबुशॉन, असे त्याचे वस्ताद. यातले सगळे सारखे तापट नव्हते, पण व्हाइटचं किचन त्याच्या पाकतंत्राइतकंच त्याच्या संतापासाठी ओळखलं जाई आणि रोबुशॉनने तर रॅमसेवर ताटली भिरकावल्याची आठवण पुढे स्वतः सांगितली. १९९८ मध्ये रॅमसेने लंडनच्या चेल्सी भागात स्वतःचं रेस्टॉरंट काढलं. २००१ मध्ये त्याला तीन मिशेलिन स्टार, म्हणजे मिशेलिन गाइड चांगल्या रेस्टॉरंटना देतं ते तारे, मिळाले आणि ते आजवर टिकले आहेत. तीन हा वरचा आकडा, त्यापुढे नाही.

इथे त्याचे चाहते एक उडी मारतात: ओरडला म्हणून स्टार मिळाले. ही उडी तपासून बघावी. त्या रेस्टॉरंटमध्ये वर्षानुवर्षं रोजचं किचन दुसरे शेफ सांभाळत आले आहेत. क्लेअर स्मिथ यांनी ते अनेक वर्षं चालवलं, तिन्ही स्टार राखले आणि नंतर लंडनमध्येच स्वतःच्या रेस्टॉरंटलाही तीन मिळवले. स्टार टिकतात ते दर रात्री तोच पदार्थ त्याच चवीचा आल्यामुळे. रॅमसे दुसऱ्या खंडात शूटिंग करत असतानाही ते टिकले, म्हणजे त्याच्या आवाजाचा त्यातला वाटा आपण समजतो तेवढा नसणार.

फ्रिज उघडणारा रॅमसे

मला विचाराल तर रॅमसेचं सगळ्यात उपयोगी रूप 'किचन नाइटमेअर्स'मध्ये दिसतं. २००४ मध्ये ब्रिटनच्या चॅनल फोरवर सुरू झालेली आणि २००७ पासून अमेरिकेत गेलेली ही मालिका. बुडायला आलेल्या रेस्टॉरंटमध्ये जायचं, जेवायचं, मग आत जाऊन वॉक-इन कूलर, म्हणजे खोलीएवढा फ्रिज, उघडायचा. तिथे शिव्यांची सरबत्ती होते, पण शिव्या बाजूला काढून फक्त तो काय तपासतो ते बघितलं तर ती बऱ्यापैकी चांगली तपासणी आहे. नाशिकच्या हॉटेलमालकाने ती स्वतःच्या किचनला लावून बघायला हरकत नाही, दोन-तीन फेरफार करून.

तो पहिल्यांदा मेनू बघतो. पानंच्या पानं असतील तर आत फ्रोझन माल आहे असं धरून चालतो. हे सूत्र आपल्याकडे जसंच्या तसं लागू होत नाही, आणि त्याचं नीट कारण आहे. पंजाबी पद्धतीचं किचन तीन-चार मूळ ग्रेव्हींवर चालतं: कांदा-टोमॅटोची लाल, काजू-मगजची पांढरी, पिवळी, फार तर पालकाची हिरवी. एवढ्यावर साठ-सत्तर भाज्या ताज्या निघू शकतात. मेनू लांब दिसतो, साठा छोटा असतो. गोंधळ होतो तो त्याच मेनूत चायनीज, डोसा, पिझ्झा आणि मेक्सिकन शिरतं तेव्हा. प्रत्येकाला वेगळी चूल, वेगळा माणूस, वेगळा कच्चा माल. आठवड्यातून तीनदा मागितला जाणारा एन्चिलाडा फ्रीझरमध्ये किती दिवस पडून असेल याचा हिशोब कुणीही करू शकतं. कुठला पदार्थ काढायचा हे ओळखायला बिलिंग मशीनमधला महिन्याचा विक्री अहवाल पुरतो. महिन्यात दहापेक्षा कमी गेलेला आणि ज्याचा निदान एक घटक दुसऱ्या कुठल्याच पदार्थात लागत नाही, तो काढावा.

दुसरं, फ्रिजमधली मांडणी. कच्चं चिकन सगळ्यात खालच्या कप्प्यात, शिजवलेलं आणि चिरलेली भाजी वर, म्हणजे ठिबकलं तरी शिजलेल्या अन्नावर पडत नाही. प्रत्येक डब्यावर तारीख. जुनं पुढे, नवं मागे. गोठलेलं चिकन वितळवायचं तर फ्रिजमध्येच. दोन किलोच्या गोळ्याला साधारण २४ तास धरावे. आपल्याकडे सकाळी बादलीत पाणी घालून ओट्यावर ठेवून देतात. बाहेरचा थर चार तास कोमट राहतो आणि आत अजून बर्फच असतो.

तिसरी गोष्ट टीव्हीवर फारशी दिसत नाही, पण आपल्याकडे सगळ्यात जास्त बिघडते ती हीच: ग्रेव्ही गार करणं. चाळीस लिटरचं पातेलं रात्री अकराला झाकण घालून ठेवलं तर त्याचा मध्यभाग सकाळपर्यंत कोमट असतो. पाच ते साठ अंशांच्या मधला पट्टा जंतूंना मानवतो. नियम असा की साठवरून एकवीस अंशांवर दोन तासांत आणि तिथून पाचवर पुढच्या चार तासांत यायला हवं. त्यासाठी ग्रेव्ही दोन इंच उंचीच्या थराने पसरट ट्रेमध्ये ओतायची, नाहीतर पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून दर दहा मिनिटांनी ढवळायचं. गरम पातेलं तसंच फ्रिजमध्ये ढकलणं हा आणखी वाईट उपाय. शेजारचं दूध आणि पनीरही त्याच्यासोबत तापतं. भाताचं तर विशेष. त्यातल्या काही जंतूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि त्यांनी एकदा विष तयार केलं की परत गरम करून उपयोग नाही. म्हणून फ्राइड राइससाठी दुपारचा भात उघड्यावर ठेवू नये.

तळणाच्या तेलाची परीक्षा वासावर आणि रंगावर होते, ती अर्धीच खरी. देशात १ जुलै २०१८ पासून नियम आहे: तेलातले टोटल पोलर कंपाउंड्स, म्हणजे तेल परत परत तापवल्याने तयार होणारे घटक, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते वापरायचं नाही. मोजायला हातात धरायचं यंत्र मिळतं. ते नसेल तर तेल कमी आचेवर धुरायला लागलं, तळताना बारीक फेस धरायला लागला, हातावर चिकट वाटलं की टाकायचं. जुन्यात नवं ओतत राहणं हा सगळ्यात महागडा कंजूषपणा, कारण नवं तेलही लवकर खराब होतं.

आणि अर्थात कच्चं चिकन, त्याचा आवडता विषय. चिकनचा सगळ्यात जाड भाग ७४ अंशांपर्यंत गेला की ते सुरक्षित. रंगावर जाऊ नये. कोवळ्या कोंबडीत हाडाजवळ शिजल्यावरही गुलाबी छटा राहू शकते. उलट तंदुरीमध्ये काश्मिरी मिरचीचा लाल रंग कच्चेपणा झाकतो. तंगडीला हाडापर्यंत दोन-तीन चिरे हवेत, नाहीतर तंदूरच्या आचेने बाहेरून काळी, सांध्यापाशी कच्ची अशी गत होते. बहुतेक ठिकाणी ती आधी सत्तर टक्के भाजून टांगून ठेवतात आणि ऑर्डरवर परत लावतात. ही अर्धी भाजलेली तंगडी दोन-तीन तास तंदूरशेजारी टांगून राहते, तिथे धोका आहे. ती फ्रिजमध्येच हवी. खोचून तापमान दाखवणारा थर्मामीटर किचनमधल्या सगळ्यात स्वस्त वस्तूंपैकी एक आहे आणि बहुतेक किचनमध्ये तो नसतो.

रॅमसे हे बघून ओरडतो तेव्हा आपल्याला बरं वाटतं, कारण आपण ताटाच्या या बाजूला बसलेले असतो. अर्धी सहानुभूती इथूनच येते. आपल्याला भटारखान्यात डोकावू देत नाहीत. तो आपल्या वतीने डोकावतो.

तोच माणूस, दोन कार्यक्रम

ब्रिटिश 'किचन नाइटमेअर्स' आणि अमेरिकन 'किचन नाइटमेअर्स' लागोपाठ बघा. ब्रिटिश भागात निवेदन तो स्वतः करतो, मालकाशी चालत बोलतो, हिशोबाची वही बघतो. तापतो, पण मधे मोकळी जागा असते. अमेरिकन भागात वाद्यांचा दणका, चेहऱ्यावर झटकन जवळ जाणारा कॅमेरा आणि जाहिरातीआधी एक अर्धवट तोडलेलं वाक्य. काही दिवसांचं चित्रीकरण पाऊण तासात बसवायचं तर शांत तास कापले जातात. दारं आपटलेली उरतात.

म्हणून सगळं बनावट आहे असंही नाही. एका ब्रिटिश वृत्तपत्राने मालिकेतली दृश्यं बनवलेली असल्याचा आरोप केला, तेव्हा रॅमसे आणि निर्मात्यांनी दावा लावला आणि २००६ मध्ये ७५ हजार पौंडांची भरपाई मिळवली. निवडणं आणि रचणं यातला फरक बघणाऱ्याने लक्षात ठेवावा. कुजलेला माल खरा असतो. तो सापडल्यावर वाजणारी तुतारी मागाहून घातलेली असते.

रॅमसेचा सगळ्यात गाजलेला अपमान, दोन पावांच्या मधे समोरच्या बाईचं डोकं धरून तिला 'इडियट सँडविच' म्हणायला लावणं, हा तर विनोदी नाटुकल्यातला आहे. २०१५ मध्ये एका अमेरिकन गप्पांच्या कार्यक्रमात त्याने स्वतःचीच केलेली ती टिंगल. पुढे तो तुकडा त्याच्या क्रूरपणाचा पुरावा म्हणून फिरू लागला आणि आजही फिरतो.

उलट खऱ्या असलेल्या, न विसरण्याजोग्या गोष्टीही आहेत. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सिनेटने टीव्हीवरच्या शिव्यांची चौकशी केली तिचं निमित्त त्याचीच मालिका होती. पुढच्याच वर्षी त्याने तिथल्या एका महिला पत्रकाराबद्दल मंचावरून इतकं हीन बोलून दाखवलं की पंतप्रधानांनी जाहीर नापसंती व्यक्त केली आणि त्याला माफी मागावी लागली. तिथे ना गर्दीची वेळ होती ना कच्चं चिकन. त्या प्रसंगाला फटकळ म्हणणं म्हणजे शब्दाचा गैरवापर.

मराठी बघणाऱ्याच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. इंग्रजी शिवी आपल्याला लागत नाही. वर बीप, खाली सबटायटलमध्ये फुल्या. कानाला ती जवळजवळ तालवाद्य वाटते. तीच वाक्यं नाशिकच्या पंचवटीतल्या किंवा द्वारका सर्कलजवळच्या एखाद्या भटारखान्यात मराठीत किंवा हिंदीत म्हणून बघा. आई-बहिणीशिवाय वाक्य पुरं होत नाही आणि समोरचा पोऱ्या सतरा-अठरा वर्षांचा असतो. टीव्हीवर जे सडेतोड वाटलं ते इथे ऐकवत नाही. रॅमसे आवडण्यात या अंतराचा मोठा हात आहे.

शिवाय आपली सवय वेगळी. १९९३ पासून झी टीव्हीवर संजीव कपूर हसत हसत 'खाना खजाना' करत होते. 'आम्ही सारे खवय्ये'मध्ये पाहुण्या ताईंच्या पदार्थाला नावं ठेवलेली आठवत नाहीत. घरी आलेल्या ताटाला नावं ठेवू नयेत हे संस्कार. त्या पार्श्वभूमीवर २०१७ मध्ये एका भारतीयाने ट्विटरवर मेदूवडा-सांबारचा फोटो पाठवून मत विचारलं आणि तुरुंगातूनही ट्वीट करता येतं हे माहीत नव्हतं, अशा अर्थाचं उत्तर रॅमसेने दिलं तेव्हा अर्धा देश हसला, अर्धा भडकला. भडकणाऱ्यांना वाटलं, हा वड्याचा अपमान. पण अपमान करून घ्यायलाच तर लोक त्याला फोटो पाठवतात, तो खेळ ठरलेला आहे. त्याच रॅमसेने २०१० च्या भारत-प्रवासाच्या मालिकेत बस्तरमध्ये जाऊन लाल मुंग्यांची चटणी खाल्ली होती. शिकणाऱ्याच्या जागी बसला की तो बऱ्यापैकी ऐकून घेतो.

'मास्टरशेफ ज्युनिअर'मध्ये, म्हणजे ८ ते १३ वर्षांच्या मुलांसोबत, त्याचा आवाज कधी चढत नाही. मुलाचा पदार्थ पडला की खाली वाकून, हळू, "हे आपण असं सावरू" म्हणतो. चाहते हे त्याच्या मनाच्या मोठेपणाचं उदाहरण म्हणून सांगतात. पण यातून निघणारी दुसरी गोष्ट जास्त अडचणीची आहे. ज्याला इथे आवरता येतं त्याला तिथेही आवरता आलं असतं.

भीतीने काय बिघडतं

ओरडण्याच्या बाजूने नेहमी दिलं जाणारं उत्तर म्हणजे 'त्याशिवाय माणूस सुधारत नाही'. भटारखान्यात याचा उलटा परिणाम फार ठोस असतो. घाबरलेला माणूस चूक लपवतो. तंगडी सांध्यापाशी कच्ची दिसली तर घाबरलेला हेल्पर ती परत लावत नाही, वर मखनी ओततो. बोट कापलं तर सांगत नाही, फडकं गुंडाळून कांदा चिरत राहतो. रात्री फ्रिजचा काटा बारा अंशांवर दिसला तरी 'माझ्यावर येईल' म्हणून सकाळच्या माणसावर सोडतो. म्हणजे ज्या कच्च्या चिकनवरून वस्ताद ओरडतो तेच चिकन त्याच्या ओरडण्यामुळे गिऱ्हाइकाच्या ताटात पोचतं. कोपनहेगनच्या 'नोमा' या नावाजलेल्या रेस्टॉरंटचे शेफ रेने रेडझेपी यांनी २०१५ मध्ये आपण किचनमध्ये दांडगाई करत आलो, हे लिहून कबूल केलं. हा धंदा स्वतःही या प्रश्नाशी झगडतो आहे.

नाशिकमध्ये हॉटेल मॅनेजमेंट शिकणारी मुलं ट्रेनिंगला जातात तेव्हा बरोबर हाच गुंता त्यांच्यासमोर येतो: वस्ताद शिकवतोय की छळतोय? ओळखायची एक साधी खूण आहे. वाक्यात माहिती किती आहे ते मोजा. "सांध्यापाशी कच्चं. परत तीन मिनिटं. सात नंबरला मी सांगतो." हे कितीही मोठ्याने म्हटलं तरी त्यात काय चुकलं, काय करायचं, किती वेळात, सगळं आहे. उत्तर एकच: "तीन मिनिटं, शेफ." "तुझ्या बापाने कधी किचन बघितलं होतं का?" यात तिखट-मीठ किती घालायचं याची काहीच माहिती नाही. पहिलं वाक्य तापलेल्या तव्यासारखं, हात काढला की संपलं. दुसरं रात्री खोलीवर सोबत येतं. रॅमसेच्या एकाच भागात दोन्ही प्रकार सापडतात, म्हणून त्याच्याबद्दल एकच मत करता येत नाही.

"गरम, बाजू!" "मागून, सुरी!" या हाका पहिल्या प्रकारातल्या. त्यांना लाजू नये, उत्तर द्यावं आणि स्वतःही द्याव्यात. मोठी चूक असेल तर गर्दीत फक्त दुरुस्ती सांगायची, कारण विचारायचं ते सर्व्हिस संपल्यावर.

ते विचारायला एक वही पुरते. परत आलेल्या प्रत्येक ताटलीची एक ओळ: वेळ, पदार्थ, कारण, विभाग. रोज रात्री भांडी लागत असताना दहा मिनिटं ती वाचायची. दोन आठवड्यांनी त्यात एखादी ओळ वारंवार दिसायला लागते. समजा, शनिवार-रविवारी रात्री नऊ ते साडेनऊ, तंदूर, 'कच्चं'. मग कळतं की त्या अर्ध्या तासात तंदूरवर एकच माणूस आहे आणि त्याच्याकडे चाळीस रोट्या आणि बारा तंगड्या एकाच वेळी येतात. तिथे दुसरा माणूस द्यायचा की त्या वेळेपुरती तंगडी बंद ठेवायची, हे ठरवणं तंदूरवाल्याच्या हातात नसतं. ते गल्ल्यावर बसलेल्याने ठरवायचं असतं.